जुन्या बाजूचा आवाज

न्हाव्याचं यंत्र उजव्या कानामागून फिरत होतं, तेवढ्यात अंगावरच्या पांढऱ्या कापडाखाली फोन थरथरला. काढायला वेळ लागला, केसांचे तुकडे मांडीवर सांडले. ताईचा होता. ती या वेळेला कधी फोन करत नसे. काही हवं असलं तर दुपारी तो जेवायला आला की सांगायची. "बाळ, कुठे आहेस?" एवढं कळलं आणि पुढचं सगळं यंत्राच्या घरघरीत बुडालं. पन्नाशी गाठलेल्या, अर्धं डोकं पांढरं झालेल्या माणसाला बाळ म्हणणारी जगात ती एकटीच. त्याने हाताने खूण केली तसं न्हाव्याने यंत्र बंद केलं, आणि त्या शांततेत ताईचा आवाज अगदी कानाशी आला. "तुमच्याकडे सगळ्यांचं बोलणं रेकॉर्ड होतं ना रे? यांचा आवाज मिळेल का? कुठलाही चालेल. सकाळपासून आठवून बघतेय, येतच नाही. चेहरा येतो, ओठ हलतात, आवाज नाही. फोटो आहेत ढीगभर. आवाज एकसुद्धा नाही घरात. रोज बोलत होते, म्हणून कधी साठवून ठेवला नाही बघ." तो म्हणाला, "बघतो." ती म्हणाली, "बघ हं," आणि फोन ठेवला. न्हाव्याने आरशातून विचारलं, "काही वाईट बातमी?" तो म्हणाला, "नाही हो, कामाचंच होतं." आणि खरंच कामाचंच होतं. उजवी बाजू अर्धी राहिलेली असतानाच तो खुर्चीतून उठला.

कार्यालय तिथून पंधरा मिनिटांवर. रोजच्या रस्त्याने पाय आपोआप चालतात, फक्त आज मानेवर बारीक केस टोचत होते आणि तो दिवस मोजत होता. आज अठ्ठाविसावा. परवा सकाळी पावणेअकराच्या सुमारास त्याच्या खोलीच्या कोपऱ्यातल्या, बोलणं नोंदवून ठेवणाऱ्या यंत्राची जागा भरेल आणि तीस दिवसांपूर्वीच्या त्या सकाळवर नव्या सकाळचे आवाज चढतील. कुणी पुसायला नको, कुणी सही करायला नको. गेले पंचवीस दिवस तो हेच मोजत होता. आपण काहीच ठरवलेलं नाही, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती. जे काय करायचं ते यंत्रच करणार होतं. मनाशी सोक्षमोक्ष लावायची वेळ आली की तो फक्त एक दिवस मागे टाकायचा, आणि दिवस आज्ञाधारकपणे जायचा. आता दोनच उरले असताना ताईला आवाज हवा होता. कुठलाही चालेल, म्हणाली. तिला काय माहीत, की कुठलाही म्हणजे काय काय.

सहाव्या मजल्यावरची ती खोली त्याची होती. म्हणजे सरकारची, पण तिथला धूळ पुसायचा फडकासुद्धा त्याच्या सवयीच्या जागी असायचा. शहराच्या अग्निशमन दलात नवे डिजिटल सेट आले ते आधी मुख्य केंद्राला. बाजारामागचं जुनं केंद्र, रुग्णवाहिका, पाणीखातं यांच्या हातात तेच जुने ॲनालॉग सेट राहिले. म्हणजे एकाच आगीवर गेलेल्या दोन गाड्या एकमेकींशी बोलू शकत नव्हत्या. कितीतरी वर्षं अधिकारी दोन्ही खांद्यांना एकेक सेट अडकवून फिरत आणि एकाचं ऐकून दुसऱ्यात सांगत. मग जोडणारी पेटी आली. वरिष्ठ तिला पूल म्हणत, भाषणात तर फारच म्हणत. तो आपला पेटी म्हणायचा. जुन्या सेटवर कुणी बोललं की ते आधी टॉवरवर, टॉवरवरून पेटीत, आणि पेटीने दार उघडलं तर पुढे सगळ्यांच्या कानात, नव्यांच्याही आणि जुन्यांच्याही. ती बसवायला त्याला चार महिने लागले होते. दोन्ही बाजूंच्या सवयी वेगळ्या. नव्या सेटमधला आवाज शेजारी बसून बोलल्यासारखा येतो, आणि येत नाही तेव्हा काहीच येत नाही. जुन्याचा आवाज दूर गेलं की झिजत जातो, खरखर वाढते, पण अगदी टोकालाही त्या खरखरीच्या तळाशी माणूस असतो. भाऊजी म्हणायचे, "मेहुणेबुवा, तुमचा नवा सेट म्हणजे सभ्य माणूस. शेवटपर्यंत गोड बोलणार आणि एकदम ओळखच दाखवणार नाही. जुना आपला कुरकुऱ्या, पण सोडून जात नाही." भाऊजी म्हणजे ताईचा नवरा, बाजारामागच्या जुन्या केंद्रावर गाडीचे प्रमुख, आणि हा मेहुणा वायरलेसमध्ये म्हणून सगळ्या केंद्राच्या तक्रारी घेऊन येणारे वकील. खरखरीवरून आपण इमारतीत किती आत शिरलोय ते त्यांना कळायचं. धुरात डोळ्यांचा काही उपयोग नसतो, ते म्हणायचे, तिथे कानांनीच परत यायचं.

आणि ती खरखरच त्याने बंद केली होती. दुष्टाव्याने नाही, कंट्रोल रूमच्या मॅडमच्या डोक्यासाठी. मॅडम आठ तास कानाला हेडफोन लावून बसायच्या, बावीस वर्षं. पेटी आल्यापासून जुन्या बाजूचा कचरा त्यांच्या कानात यायला लागला: दूरच्या विजेच्या तारा, कुणाच्या तरी खिशात दाबलं गेलेलं बटण, नुसतंच फस्स. "डोकं उठतं हो माझं," त्या म्हणाल्या होत्या, "संध्याकाळी घरी गेले तरी कानात चालूच असतं. काहीतरी करा ना." पेटीच्या मागच्या अंगाला एक छोटा नॉब आहे. येणारा आवाज किती जोराचा असला म्हणजे त्याला आवाज मानायचं आणि दार उघडायचं, ते त्यावर ठरतं. तो तीनवर होता. शनिवारी दुपारी त्याने तो पाचवर नेला. शेजारच्या खोलीतून जुन्या सेटवर बोलून बघितलं, खणखणीत आलं. मॅडमनी हेडफोन कानाला लावून डोळे मिटले आणि म्हणाल्या, "अहाहा." त्या 'अहाहा'वर तो खूश झाला होता, हे त्याला आता नाकारता येत नव्हतं. इतक्या वर्षांत त्याच्या कामाला कुणी अहाहा म्हटलं नव्हतं.

पण पेटीला हात लावला की तळघरात जाऊन बोलायचं, हा त्याचाच नियम होता. कुठल्या कागदावर नव्हता, तरी दलात सगळ्यांना ठाऊक होता आणि त्याची चेष्टाही व्हायची. बाजारातल्या वाहनतळाचा तिसरा मजला जमिनीखाली. शहरात त्याहून खाली माणूस जाऊ शकत नाही. तिथे जुना सेट घेऊन कुणीतरी उभं राहायचं आणि एक ते दहा मोजायचं, याने वर खोलीत बसून ऐकायचं. कुणीतरी म्हणजे बहुतेक वेळा भाऊजीच. त्यांचं केंद्र जवळ, आणि त्यांना हौस. आकड्यांच्या मध्ये ते काहीतरी घुसडायचे: चार, पाच, इथे एका मोटारीचे चारही दिवे चालू राहिलेत, मालकाचं लक्ष नाही, सहा, सात. त्या शनिवारी तो सेट उचलून निघणारच होता, तर भाऊजींचा फोन. "मेहुणेबुवा, तुमची ताई ताटं मांडून बसलीय, आणि तुम्ही नाही आलात तर मलाही वाढणार नाही म्हणते." तो म्हणाला, पेटीचा नॉब हलवलाय, चाचणी राहिलीय. "सोमवारी करू की. दुपारी मीच उतरतो खाली. आज सुट्टीचा दिवस, त्या वाहनतळात काय जीव द्यायचाय?" जेवताना त्यांनी विचारलं होतं की नॉब कशाचा, आणि त्याने पाण्याच्या पेल्यावर बोट फिरवून समजावलं होतं: इतकं असलं की आत, इतकं नसलं की बाहेर. ताई म्हणाली, "जेवताना तरी ऑफिस बाहेर ठेवा रे." तिघंही हसले होते. ते हसू त्याला आठवायचं तेव्हा त्यात भाऊजींचा आवाज स्पष्ट असायचा, आणि ताईला मात्र आवाजच आठवत नव्हता. हे उलटं व्हायला हवं होतं, असं त्याला वाटलं.

सोमवारी सकाळी कागदाच्या गोदामाला आग लागली. दोन्ही केंद्रांच्या गाड्या गेल्या. तो खोलीतच होता, काचेपलीकडे मॅडम. एवढी मोठी आग आणि कानात इतका स्वच्छ कारभार त्याने कधी ऐकला नव्हता. पाणी सुरू. दुसरी गाडी मागच्या बाजूला. एक माणूस बाहेर आणला. प्रत्येक वाक्य धुवून वाळत घातल्यासारखं, आणि दोन वाक्यांच्या मध्ये नुसती शांतता. मॅडमनी काचेतून त्याच्याकडे बघून अंगठा वर केला. शिपायाने चहा आणून ठेवला होता, तो त्याने पेटीपासून चार हातांवर उभं राहून घेतला. दहा बेचाळीस ते दहा सेहेचाळीस या चार मिनिटांत तो चहा पीत होता. हे त्याला कसं माहीत, तर चहा संपल्यावर त्याने घड्याळ बघून नोंदवहीत लिहिलं होतं: जोडणी उत्तम, कोणताही अडथळा नाही. ती ओळ अजून वहीत आहे, त्याच्याच अक्षरात, नेहमीपेक्षा जरा ऐटदार. भाऊजी तळघरात उतरले होते, त्यांचा जोडीदार पाण्याची नळी ओढून आणायला वर आला आणि त्याच्या मागे जिन्यावरचं छत खाली आलं. बाहेरच्यांना वाटलं, ते मागच्या दाराने निघाले असतील, अडकले असते तर बोलले असते. सगळे त्यांच्या बोलण्याची वाट बघत होते. अहवालात एक ओळ आहे: संबंधित कर्मचाऱ्याकडून कोणताही संदेश प्राप्त झाला नाही. आणि मोठ्या साहेबांनी ताईच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, "ताई, त्यांना काही कळलंसुद्धा नसेल. एका क्षणात झालं सगळं." ते एक वाक्य ताईने उचललं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती ते सांगायची, परगावी असलेल्या मुलीला फोनवर सांगायची, कधीकधी भांडी घासताना स्वतःलाच सांगायची. तिच्या हाती तेवढंच लागलं होतं.

कोपऱ्यातलं यंत्र कुणाच्या लक्षात नव्हतं. चौकशीवाल्यांनी कंट्रोलची नोंद मागितली, ती मिळाली, ती स्वच्छ होती. जुन्या बाजूची वेगळी नोंद ठेवणारं यंत्र त्याने स्वतः लावलं होतं, पेटीच्या अलीकडे, बिघाड शोधायला सोयीचं म्हणून. तिथे टॉवरवरून येणारं सगळं उतरतं, दार उघडो न उघडो. तिसऱ्या दिवशी तो एकटाच खोलीत बसला आणि ती सकाळ लावली. आधी बराच वेळ नुसती खरखर. मग तिच्या तळाशी भाऊजी. "कंट्रोल, मी तळघरात. जिना बंद झालाय. मागच्या गल्लीतली जाळी तोडा, तिथून निघतो." शांत, कामाचा आवाज, जाळी म्हणजे काय फार मोठी गोष्ट नाही असा. दीड मिनिटाने तेच वाक्य परत, एकेक शब्द सुटा करून, धापेसह. आणि तिसऱ्यांदा कंट्रोलला हाकच नाही. "मेहुणेबुवा, दार उघडत नाहीये तुमचं. नॉब मागे घ्या." आणि मग मोजायला लागले. एक, दोन, तीन, चार. सावकाश, चाचणीला मोजायचे तसे, म्हणजे वर बसलेल्याला हात फिरवायला वेळ मिळावा. दहापर्यंत मोजलं. खोकले. पुन्हा एकपासून सुरू केलं आणि सहावर थांबले. त्या धुरात त्या माणसाने बिघाड अचूक ओळखला होता, दुरुस्ती सांगितली होती आणि चाचणीसुद्धा स्वतःच घेतली होती. फक्त ती सगळी चार हातांवरच्या एका बंद पेटीशी चालली होती. त्याने उठून नॉब तीनवर आणला. मग संडासात जाऊन खूप वेळ तोंडावर पाणी मारत उभा राहिला. वहीत काही लिहिलं नाही.

तेव्हापासून तो रोज दुपारी ताईकडे जेवायला जात होता. त्याला बायको नाही, मूल नाही, लग्नाचं राहून गेलं ते गेलंच. आधीही आठवड्यातून दोनदा तो तिच्याकडे जेवायचा, आता रोज. लोक म्हणायचे, भाऊ असावा तर असा. पेन्शनचे कागद, बँकेतली सही, मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती, सगळं तोच बघत होता. ती वाढायची, समोर बसायची, तेच वाक्य सांगायची, एका क्षणात झालं रे, आणि तो घास गिळून मान हलवायचा. मूग गिळून बसणं म्हणतात ते त्याने शब्दशः केलं होतं, फक्त मुगांच्या जागी तिच्या हातचं जेवण होतं. सांगितलं तर तिचं ते वाक्य जाणार, असं त्याने स्वतःला पटवलं होतं. हे कारण चांगलं होतं. इतकं चांगलं, की त्याच्या आड तो स्वतः आख्खा मावत होता.

आज मात्र त्याने यंत्र सुरू केलं आणि भाऊजींना शोधायला लागला. तीस दिवसांच्या खिडकीत मागच्या टोकाला भाऊजींची अशी फक्त ती सोमवारची सकाळ उरली होती, पण बिघाड तपासायला म्हणून त्याने अधूनमधून काही तुकडे वेगळे ठेवलेले असायचे. त्यांत ते होते. गाडी निघाली. पोहोचलो. झाडाची फांदी आहे, आग नाही. मांजर आहे, हो मांजरच, लिहून घ्या. परत निघालो. असे एकेचाळीस तुकडे. ऐकता ऐकता तो मध्येच हसला आणि काचेपलीकडून मॅडमनी वळून बघितलं. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांचं डोकं परत उठायला लागलं होतं आणि त्यांनी विचारलं नव्हतं. एवढ्या दुःखातल्या माणसाला नॉबचं काय विचारायचं, असा त्यांचा चांगुलपणा. त्याने एकेचाळीस तुकडे छोट्या प्लेयरवर उतरवले. मग सोमवारचे तिन्ही. मग तिसरा काढून टाकला. पहिले दोन कुणाचंही नाव घेत नव्हते; त्या दोनांवरून एवढंच कळलं असतं की त्यांनी हाक मारली आणि पोहोचली नाही. जुनी यंत्रं, होतं असं. तिसऱ्यात तो होता. कापून टाकायला एक बटण पुरतं, आणि त्याचा हात अशा कामाला सरावलेला. त्याने तिसरा परत घातला, परत काढला. तिसरा बाहेर असताना खोलीत बरं वाटत होतं, हेच त्याला सहन होईना. शेवटी तो घालून, प्लेयर खिशात टाकून, कुणाला न सांगता तो उठला.

ताईने दार उघडलं आणि आधी त्याच्या डोक्याकडे बघितलं. "अर्धेच कापले की काय? उजवीकडे राहिलेत बघ." मग त्याच्या हातातला प्लेयर दिसला आणि ती बाजूला झाली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिने ताट काढायला घेतलं, तो म्हणाला, "आधी ऐक." तिने पदराला हात पुसले, खुर्ची ओढली. गाडी निघाली, असं भाऊजी म्हणाले. ताईने तोंडावर हात धरला. पोहोचलो, म्हणाले. आग नाही, फांदी आहे. मांजराला ती खरंच हसली, डोळे भरलेले असताना. "हा कसला रे आवाज? घरी असा कुठे बोलायचे? साहेबासारखा बोलतोय बघ." आणि मग, "हो, पण तेच. अगदी तेच." एकेचाळीस तुकडे संपायला नऊ मिनिटं लागली. संपल्यावर ती प्लेयरकडे बघत राहिली, कुणी पाहुणा पुढे काही बोलेल अशी. तो मनात म्हणत होता, आता विचारू नकोस. तिने विचारलं, "त्या दिवशीचं नाही?"

"आहे."

"आहे? मग साहेब तर म्हणाले, हे काही बोललेच नाहीत म्हणून."

"बोलले, ताई. तीनदा."

त्याने बटण दाबलं, कारण आता दुसरं काही करणं त्याच्या जिवावर आलं होतं. खरखर सुरू झाली. या घरात ती खरखर पहिल्यांदाच येत होती. ताई कपाळाला आठ्या घालून पुढे वाकली, आणि तिच्या चेहऱ्यावरून त्याला कळलं की तळाशी असलेला माणूस तिला सापडला. जाळी तोडा. मग पुन्हा, सुटं सुटं. मग मेहुणेबुवा. तिने एकदा त्याच्याकडे बघितलं आणि परत प्लेयरकडे. आकड्यांना तिचे ओठ हलत होते. दुसऱ्या वेळच्या सहानंतर ती सात म्हणाली, अगदी हळू, आणि थांबली. बाहेर कुणीतरी जिन्यावरून सायकल खाली उतरवत होतं.

"नॉब म्हणजे तोच? पेल्यावर दाखवलास तो?"

"तोच."

"किती वेळ होते ते... बोलत?"

"चार मिनिटं."

"आणि तू कुठे होतास?"

"तिथेच. पेटीपाशी." मग तो म्हणाला, "चहा पीत होतो," कारण अर्धं सांगायचं त्राण त्याच्यात उरलं नव्हतं. सगळं सांगितलं: मॅडम, शनिवार, राहून गेलेली चाचणी. सोमवारी करू असं कोण म्हणालं ते तेवढं सांगितलं नाही. ते त्याने ठरवून ठेवलं होतं, आणि या सगळ्या प्रकरणात त्याने धडपणे केलेली ती एकच गोष्ट. ताई ऐकत होती. तो वाट बघत होता, की ती ओरडेल, मारेल, लहानपणी मारायची तशी पाठीत. रडली असती तरी चाललं असतं.

"हे तुला कधी कळलं?" तिने विचारलं.

"तिसऱ्या दिवशी."

तिने टेबलावर नजर फिरवली, त्याच्यासाठी काढलेलं ताट, पेला, भाजीचं झाकलेलं पातेलं. "म्हणजे चौथ्या दिवशी तू इथे जेवलास. पाचव्या दिवशी. रोज." आवाज चढलेला नव्हता, ती खरंच हिशेब लावत होती. "मी म्हणायचे, एका क्षणात झालं, आणि तू मान हलवायचास. मी मुलीला सांगितलं, तू समोर बसून होतास. चुकलं असेल रे तुझं, कामात चुकतं माणसाचं, यांचंही चुकायचं. ते मी कधीतरी... पण तू जेवत होतास, बाळ. यांनी हाक मारलेली तुला माहीत होती आणि तू इथे बसून भाजी मागून घेत होतास."

त्याला बोलायचं होतं, की तुझ्यासाठीच. पण ते त्याच्याच कानाला खोटं लागलं, म्हणून बोलला नाही. ताईने ताट उचललं आणि मांडणीत उभं करून ठेवलं. प्लेयर मात्र तिने स्वतःकडे ओढून घेतला. "हे राहू दे. उद्या ते चौकशीचं ऑफिस किती वाजता उघडतं?"

"दहाला. मी येतो घ्यायला."

"मी येईन माझी मी."

दुसऱ्या दिवशी तो साडेनवालाच तिथे होता. कोपऱ्यातल्या यंत्रातून काढलेली पूर्ण सकाळ आणि नोंदवही पिशवीत, डोक्यावर उजवीकडचे राहिलेले केस अजून तसेच. रात्री त्याने नोकरीचा विचार केला होता, चौकशीचा, मॅडमना काय वाटेल त्याचा, आणि त्यांतल्या कशाचीच त्याला भीती वाटली नव्हती. उलट इतक्या दिवसांनी तो सलग झोपला होता, आणि त्याची सकाळी त्याला लाज वाटली. ताई बरोबर दहाला आली. भाऊजींच्या निवृत्त मित्रांपैकी कुणी, मुलगी, कुणीच बरोबर नाही. बाकावर त्याने सरकून जागा केली. ती बसली, पण दोघांच्या मध्ये तिने तिची पिशवी ठेवली. भिंतीवर आग विझवायच्या लाल नळकांड्याचं चित्र होतं आणि खाली ते कसं वापरायचं त्याच्या पाच पायऱ्या. त्याने त्या चार वेळा वाचल्या. लहानपणी दवाखान्यात असंच बसायचं, डॉक्टर सुई टोचणार म्हणून तो रडायचा आणि ताई त्याचं बोट धरून भिंतीवरच्या पाट्या वाचून दाखवायची. तिला तेव्हा नुकतंच वाचता येत होतं. त्याने बाजूला बघितलं. ती समोरच्या दाराकडे बघत होती.

आत कारकून एकटाच होता, चष्मा कपाळावर चढवलेला. नवीन पुरावा आहे म्हटल्यावर तो जरा सावरून बसला, एक छापील कागद काढला आणि मृताचं नाव लिहून घेतलं. "बाई, आपण कोण त्यांच्या?"

"बायको."

"आणि हे? हे आपले कोण?"

ताईने पिशवी मांडीवर घेतली, तिचे बंद सरळ केले. तो उभाच होता. कारकुनाचं पेन कागदावर टेकलेलं होतं आणि त्याला घाई नव्हती.

"हे वायरलेसचे आहेत," ताई म्हणाली. "मशीन यांच्याकडे असतं."

कारकुनाने त्याच्याकडे बघितलं. तो हो म्हणाला, आणि कारकुनाने तसं लिहून घेतलं.